समाजभवन: बांधायला किती, चालवायला किती?

चौकस

वीस-पंचवीस हजार वस्तीचं एक लहान शहर डोळ्यांसमोर आणा. जुनं सभागृह गळतंय, नव्या समाजभवनाचा प्रस्ताव आलाय आणि लोकांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, एवढा पैसा आधी पाण्यावर आणि गटारांवर घाला. दुसरा म्हणतो, मग पोरांनी आणि म्हाताऱ्यांनी बसायचं कुठे? अशा भांडणात हटकून एकच आकडा इकडून तिकडे फेकला जातो: बांधकामाचा. माझ्या मते वाद व्हायला हवा तो दुसऱ्याच आकड्यावर. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून दर वर्षी किती लागणार आणि ते कोण भरणार?

यातलं सगळ्यात रोखठोक उदाहरण कार्नेगीचं. पोलादात गडगंज झालेल्या अँड्र्यू कार्नेगीनं जगभर अडीच हजारांहून जास्त ग्रंथालयांच्या इमारतींना पैसा दिला. पहिली १८८३ साली, स्कॉटलंडमध्ये त्याच्या जन्मगावी, डन्फर्मलिनला. पुढे त्याची अट ठरून गेली. जागा शहरानं द्यायची, आणि जेवढं अनुदान त्याच्या दहा टक्के रक्कम दर वर्षी सार्वजनिक पैशातून खर्च करायचं आधी कबूल करायचं. ग्रंथपालाचा पगार, पुस्तकं, दिवाबत्ती, सगळं त्यातून. काही शहरांनी हे ऐकून आयती इमारत नाकारली! मला ती शहरं शहाणी वाटतात. त्यांनी निदान हिशोब केला.

कुठल्या एका शहराची उणीदुणी काढायची नाहीत, म्हणून रुपये-डॉलर नकोत. बांधकामाचा मूळ अंदाज १०० धरा आणि बाकीचे आकडे त्या मापात सांगा.

तिरकस

फीत बांधकामाची कापतात, वीजबिलाची नाही. वादाचा विषय तिथेच ठरतो. बाकी चालू द्या, मी बसलोय.

जमाखर्च

धागा माझ्या खात्यातला दिसतोय.

१०० पैकी सगळे कर्जाऊ काढले, वीस वर्षांची मुदत आणि सात टक्के व्याज धरलं, तर दर वर्षी साधारण ९.४ चा हप्ता बसतो. वीस वर्षांत मिळून १८९. म्हणजे ज्याला आपण शंभराची इमारत म्हणतोय ती पावणेदोनशेच्या पुढे गेली, आणि अजून एक दिवासुद्धा लावलेला नाही.

आता देखभाल. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं १९९० साली सार्वजनिक इमारतींसाठी एक ढोबळ माप दिलं होतं: इमारत आज नव्यानं बांधायला जेवढे लागतील त्याच्या दोन ते चार टक्के दर वर्षी देखभाल-दुरुस्तीसाठी ठेवा. आपण मधले तीन धरू. वीज, पाणी, सफाई, विमा आणि एक पूर्णवेळ माणूस यांचे आणखी तीन धरू. (हे शेवटचे तीन माझे. तुमच्याकडे दुसरे असतील तर तेच घ्या.) झाले वर्षाला सहा. हप्त्यासकट पंधरा.

कार्नेगीचे दहा टक्के जास्त वाटतील, पण त्यात पुस्तकांची खरेदी होती. सभागृहाला ती नाही.

गंमत देखभालीच्या तीनमध्ये आहे. पगार थकला तर माणूस ओरडतो, बिल थकलं तर वीज जाते. छताची दुरुस्ती पाच वर्षं पुढे ढकलली तर कुणीच ओरडत नाही. म्हणून अंदाजपत्रकात पहिली कात्री तिलाच लागते, आणि दहाव्या वर्षी सगळं एकदम अंगावर येतं. ज्या जुन्या सभागृहाच्या गळतीवरून हा वाद सुरू झाला ते कुणाच्या चुकीनं गळतंय, हे कुणीतरी विचारायला हवं.

उनाड

+१. शेवटचा परिच्छेद चौकात लावावा असा.

मुकादम

साईटवर हयात गेली, म्हणून चार शब्द. १०० चे १४० का होतात ते सांगतो.

चोरी होते, नाही असं नाही. पण चोरीआधी आळस असतो. मातीची चाचणी न करता अंदाज काढलेला असतो. खणायला घेतलं की खाली भराव लागतो, जुनी विहीर लागते, नाहीतर पाणी लागतं. पाया वाढला की अंदाज तिथेच बोंबलला. दुसरं, नकाशे अर्धवट असताना निविदा निघते. मग ‘इथे एक दार वाढवा’, ‘स्टेज जरा मोठं करा’ सुरू होतं. कंत्राटदाराला प्रत्येक वाढीव बाब म्हणजे लॉटरी, कारण तिला स्पर्धा नसते. मूळ निविदेत तो दर पाडून बोलतो आणि वाढीव कामात वसूल करतो. हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं.

मोठं उदाहरण हवं तर सिडनीचं ऑपेरा हाउस. १९५७ साली स्पर्धेत नकाशा निवडला. १९५९ साली काम सुरू झालं, तेव्हा वरची शिंपल्यांची छतं उभी कशी राहणार हे कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. खालचे खांब ओतून झाले, मग छताचं वजन कळलं, मग खांब तोडून पुन्हा मजबूत केले. अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, झाले १० कोटी २० लाख. १९६३ ला पुरं व्हायचं ते १९७३ ला झालं.

आधी कळस मग पाया म्हणतात ते हे. आपलं समाजभवन ऑपेरा हाउस नव्हे, पण रोग तोच.

तिरकस

मुकादमसाहेब, आज त्या ऑपेरा हाउसशिवाय सिडनीचा फोटो निघत नाही. मग चौदापट गेले ते वाया गेले म्हणायचे का?

मुकादम

त्यातले बहुतेक पैसे राज्याच्या लॉटरीतून आले. तुमच्या शहराकडे लॉटरी आहे का?

पुस्तकी

मुकादमांच्या अनुभवाला आकड्यांचा आधार आहे. बेंट फ्ल्युबियर हे डॅनिश अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली २५८ वाहतूक प्रकल्प तपासले. दहापैकी नऊ प्रकल्पांत खर्च अंदाजापेक्षा वर गेला आणि सरासरी वाढ २८ टक्के होती. रेल्वेत सुमारे ४५, रस्त्यांत सुमारे २०. सुधारलेल्या पद्धती आल्या तरी सत्तर वर्षांत ही चूक कमी झालेली नाही, असंही त्यांनी दाखवलं. चूक खरोखर नकळत होत असती तर कधी जास्त अंदाज, कधी कमी अंदाज निघाला असता. इथे ती जवळपास नेहमी एकाच बाजूला झुकते. त्यांचा निष्कर्ष म्हणून कडक आहे: प्रकल्प मंजूर व्हावा यासाठी आकडा कमी दाखवला जातो.

चालवण्याच्या खर्चाबद्दल १:५:२०० हे गुणोत्तरही प्रसिद्ध आहे. बांधायला एक, पुढे देखभालीला पाच, आत चालणाऱ्या कामाला दोनशे.

जमाखर्च

पुस्तकीराव, ते गुणोत्तर इथे नका आणू. ते १९९८ च्या एका ब्रिटिश निबंधातलं, आणि तेही कचेऱ्यांच्या इमारतींबद्दल. २००४ साली रेडिंग विद्यापीठाच्या लोकांनी खरे आकडे घेऊन पडताळायचा प्रयत्न केला तर त्यांना १:०.४:१२ च्या आसपास मिळालं. पाच कुठे, ०.४ कुठे! कुणी तरी उदाहरणादाखल लिहिलेला आकडा पुढे वेदवाक्य होऊन बसला. फ्ल्युबियरचा अभ्यासही रेल्वे-पूल-रस्त्यांचा आहे, सभागृहांचा नाही. दिशा घ्या, टक्के नका घेऊ.

पुस्तकी

मान्य. पण १२ सुद्धा एकापेक्षा मोठाच आहे ना? आत काय चाललंय त्याचा खर्च भिंतींपेक्षा जास्त, एवढं तरी उरतं.

खिडकीतली

इतका वेळ नुसतं वाचत होते. एका अशाच सभागृहाची व्यवस्था मी बरीच वर्षं पाहिली आहे, म्हणून आतून कसं दिसतं ते सांगते. कुठलं ते विचारू नका.

खुर्च्या. तीनशे खुर्च्यांचा हॉल बांधला आणि खुर्च्या ठेवायला खोलीच नाही. मग त्या कायम स्टेजच्या मागे रचलेल्या. आपत्कालीन दार तिथेच, म्हणजे दार कायमचं बंद. सकाळी योगासनांना बायका येणार म्हणून खुर्च्या हलवा, संध्याकाळी व्याख्यान म्हणून पुन्हा मांडा. दोन माणसांचा तासभर त्यातच. खुर्चीचे पाय घासून फरशीवर पांढऱ्या रेघा पडलेल्या, त्या शेवटपर्यंत गेल्या नाहीत. नकाशात एक बिनखिडकीची खोली वाढवली असती तर हा रोजचा तास वाचला असता. ‘फालतू जागा’ म्हणून तीच पहिल्या बैठकीत कापली गेली होती.

दुसरं, आवाज. गुळगुळीत भिंती, उंच छत, वर पत्रा. बोललेलं एक अक्षर कळायचं नाही. लोक म्हणायचे माईक चांगला घ्या. तीनदा घेतला. माईकनं घुमणारा आवाज फक्त मोठा झाला.

तिसरं, छोटी खोली. मुख्य हॉल आठवड्यातून जेमतेम दोनदा लागायचा. पण दहा-पंधरा माणसं मावतील अशा एका खोलीसाठी रोज भांडणं. शिकवण्या, ज्येष्ठांची बैठक, बचत गट, कॅरम, सगळ्यांना तीच हवी. आणि सगळ्यांना संध्याकाळी पाच ते आठ.

उनाड

ताई, तुमच्या त्या आवाजावरून आठवलं. अवांतर आहे, पण राहवत नाही.

१८९५ मध्ये हार्वर्डला फॉग संग्रहालयाचं व्याख्यानगृह नवं कोरं बांधलं आणि आत बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. म्हणजे वक्ता पुढच्या वाक्यात गेला तरी मागचं वाक्य अजून हवेत. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं, बघ काही करता येतं का. हा गडी शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातून रात्री बैठकीच्या गाद्या आणायचा, हॉलमध्ये पसरायचा, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. त्यातून सभागृहाच्या ध्वनिशास्त्राचं मूळ सूत्र निघालं: खोलीचं घनफळ जास्त तर घुमणं जास्त, आवाज शोषणारं सामान जास्त तर घुमणं कमी.

उंच छत भव्य दिसतं म्हणून मागतात. त्याचा खर्च आधी भिंतींत, मग थंडावा किंवा ऊब राखण्यात आणि शेवटी आवाज शोषणाऱ्या पट्ट्यांत, असा तीनदा भरावा लागतो.

मुकादम

उनाड, लाखाची बात. उंची एक मीटर कमी केली तरी वापरणाऱ्याला कळत नाही. ठेकेदाराला मात्र कळतं.

सरळमार्गी

सगळे खर्चाचेच पाढे वाचताय. न बांधण्याचा खर्च कोण मोजणार?

शिकागोत १९९५ च्या जुलैत उष्णतेची लाट आली आणि त्यात ७०० हून जास्त माणसं गेली. त्यात एकटे राहणारे वृद्ध फार होते. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञानं शेजारशेजारच्या दोन वस्त्यांची तुलना केली. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे. तरी उत्तर लॉनडेलमध्ये मृत्यूचं प्रमाण दक्षिण लॉनडेलच्या जवळजवळ दहापट होतं. जिथे माणसं घराबाहेर पडत होती, एकमेकांना ओळखत होती, तिथे ती वाचली. एखादी आजी दोन दिवस दिसली नाही म्हणून कुणीतरी दार वाजवतं, याची किंमत तुमच्या शंभराच्या मापात कितीला बसते?

पाण्याच्या टाकीनं नफा कमवावा असं कुणी म्हणत नाही. समाजभवनानंच का कमवावा?

तिरकस

सरळमार्गी, उदाहरण उत्तम, पण ते तुमच्याच पायावर धोंडा आहे. दक्षिण लॉनडेलमध्ये लोकांना बाहेर कुणी काढलं? गजबजलेल्या रस्त्यांनी, दुकानांनी, वाहत्या फुटपाथांनी. तिथे कुणी भव्य भवन बांधून ठेवलं होतं म्हणून नव्हे. त्या अभ्यासातून काढायचंच तर हे निघतं की भवन गावाबाहेर स्वस्त जागेत बांधू नका. जिथे म्हातारा माणूस पायी पोहोचतो तिथे बांधा, नाहीतर बांधूच नका. गावाबाहेरची फुकटातली जागा सगळ्यात महाग पडते.

सरळमार्गी

हे मला चालेल. भवन हवं म्हणतोय, भव्य हवं म्हटलंच नाही.

नवखा

प्रश्न बावळट असेल तर माफ करा. मग जुनंच सभागृह दुरुस्त का करत नाहीत?

मुकादम

अजिबात बावळट नाही. हा प्रश्न पहिल्या बैठकीत यायला हवा, आणि तो आणायला कुणालाच परवडत नाही, कारण दुरुस्तीच्या पाट्यांवर नावं लागत नाहीत.

सांगाडा ठणठणीत असेल, म्हणजे खांब-तुळयांतलं लोखंड गंजून काँक्रीटचे पोपडे सुटत नसतील, तर गळती, वायरिंग, संडास, फरशी एवढं बदलून इमारतीला पुष्कळ आयुष्य मिळतं. लोखंडच गेलं असेल तर दुरुस्ती म्हणजे पैसे पाण्यात. हे डोळ्यांनी ठरवायचं नसतं. सांगाड्याची तपासणी करून घ्यायची. नव्या इमारतीच्या अंदाजापुढे तिचा खर्च किरकोळ. ज्या प्रस्तावाला हा तपासणी अहवाल जोडलेला नाही, तो मी तरी परत पाठवीन.

चौकस

खिडकीतली ताईंनी छोट्या खोलीबद्दल लिहिलंय त्यावर मी हिशोब मांडून बघितला. जमाखर्च, चूक असेल तर कान धरा.

मूळ अंदाज एक लाख एकक धरला म्हणजे दशांशांची कटकट नको. मोठा हॉल: हप्ता ९,४००, चालवणं ६,०००, मिळून वर्षाला १५,४००. वर्षाकाठी ५०० तास वापर. तासाला ३१ पडले. आता दुसरा पर्याय: मध्यम हॉल आणि तीन खोल्या, खर्च ६०,०००. हप्ता साधारण ५,६५०, चालवायला ४,०००. वापर २,००० तास. तासाला पाचच्याही आत!

जमाखर्च

कान धरतो. तुम्ही खर्चही बदलला आणि तासही. तास ५०० च ठेवले तर दुसरा पर्याय १९ ला पडतो. म्हणजे ३१ वरून १९ वर आलात ते आकार लहान केल्यामुळे, आणि १९ वरून पाचवर आलात ते लोक आले असं गृहीत धरल्यामुळे. पहिला भाग नकाशात आहे, दुसरा तुमच्या मनात.

खिडकीतली

मनात नाही हो दादा. चार जागा असल्या की संध्याकाळी पाच ते आठ या एकाच वेळेत चार गट बसतात. तीन तासांचे बारा होतात ते असे. एका मोठ्या हॉलमध्ये दहा माणसं कॅरम खेळत असली की तीनशेचा हॉल ‘भरलेला’. फक्त मधल्या भिंतींना आवाज अडवता यायला हवा. सरकत्या पातळ पडद्या लावून ‘चार खोल्या’ म्हणाल तर एकाचं भजन आणि दुसऱ्याची शिकवणी.

जमाखर्च

हे पटलं. मग मागणी आधी मोजा. कोणते गट आज कुठे बसतात, किती वाजता, किती जण, याची वही महिनाभर भरली तरी खोल्या किती हव्यात ते कळेल. मोठा कार्यक्रम वर्षात पाच-सहा वेळा होत असेल तर तेवढ्यापुरता मांडव घाला किंवा शाळेचं पटांगण घ्या. तीनशे साठ दिवस रिकाम्या खुर्च्यांना छप्पर देण्यात अर्थ नाही.

नवखा

पण ठरवायचं कुणी? नगरसेवकांनी की मतदान घेऊन?

पुस्तकी

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरानं १९८९ पासून अंदाजपत्रकाचा काही भाग कशावर घालायचा हे वस्तीवस्तीतल्या बैठकांत ठरवायला सुरुवात केली. तिथल्या लोकांनी आधी गटारं, पाणी, रस्ते मागितले. पुण्यातही २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातली कामं मागवायची पद्धत सुरू झाली. लोकांना विचारलं की ते उधळपट्टीच करतात, ही भीती फारशी खरी नाही.

तिरकस

विचारा, पण काय विचारता ते बघा. पार्किन्सन या ब्रिटिश लेखकानं १९५७ सालीच लिहून ठेवलंय: समितीसमोर अणुभट्टी आली की अडीच मिनिटांत मंजूर, कारण कुणालाच काही कळत नाही. सायकली ठेवायच्या शेडवर पाऊण तास चर्चा, कारण पत्रा प्रत्येकाला कळतो. तुमच्या भवनाचंही तेच. हप्ता, व्याज, सांगाडा यांवर सभा गप्प. नाव कुणाचं आणि रंग कोणता, यावर मध्यरात्र. माझी सूचना गंभीर आहे: नाव आणि रंग पहिल्या पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे बाजूला पडेपर्यंत विषयपत्रिकेवरच घेऊ नका.

उनाड

राव, नाव नाही म्हटल्यावर अर्धे समर्थक गळतील!

तिरकस

तेवढंच कळेल की अर्धे कशासाठी आले होते.

सरळमार्गी

माझी एकच भीती. भाडं लावून खर्च काढायचा म्हटलं की खासगी समारंभवाले सगळ्या सुट्या अडवतात. ते दुप्पट देतात. कॅरमवाले काय देणार? मग भवन नावाला समाजाचं.

खिडकीतली

होतंच तसं. आमच्याकडे तोडगा होता तो सांगते. आठवड्याचे सातही दिवस पाच ते आठ ही वेळ कुणालाच भाड्यानं द्यायची नाही, कितीही दिले तरी. खासगी कार्यक्रमांना रविवार दुपार आणि रात्र. त्यांच्या अनामत रकमेतून सफाई, मोडतोड आधी वळती. नियम दारावर मोठ्या अक्षरात, म्हणजे ओळखीपाळखीचे फोन आले की व्यवस्थापकाला पाटीकडे बोट दाखवता येतं.

आणि किल्ली. ती कुणाकडे राहणार हे ठरावात लिहून घ्या. एका किल्लीवाल्याच्या मर्जीवर चालणारी इमारत मी पाहिली आहे. तो परगावी गेला की ज्येष्ठांची बैठक पायरीवर.

चौकस

ताई, हे नियम आणि जमाखर्चांची वही, दोन्ही उतरवून घेतो. मुकादमसाहेब, सांगाड्याच्या तपासणीत नेमकं काय काय मागायचं तेवढं द्याल का?

मुकादम

काँक्रीटची ताकद दोन पद्धतींनी: वरून हातोड्याची चाचणी, आणि शंका असेल तिथे नळकांडी कापून नमुना. लोखंड किती गंजलंय त्याची चाचणी. गळती नेमकी कुठून येते त्याचा नकाशा. ‘छत गळते’ एवढंच लिहिलेलं चालणार नाही. पायाजवळ तडे असतील तर त्यांवर काचपट्ट्या लावून काही महिने लक्ष ठेवा, तडा वाढतोय की थांबलाय ते कळतं. अहवाल देणारा आणि नव्या इमारतीचा नकाशा काढणारा एकच माणूस नको. बाकी फोनवर नाही, इथेच विचारा, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल.